जबलपूर : घाटावरचा माणूस कुठल्या गावचा?

मराठी पर्यटकाचं जबलपूर बहुधा भेडाघाटापासून सुरू होतं. संगमरवरी कडे, होडीतली सफर, धुवांधारचे तुषार. पण एक संध्याकाळ शहरातल्या ग्वारीघाटासाठी राखून ठेवा. नर्मदेच्या आरतीला इथं शहरातली कुटुंबं असतात, तोफांच्या कारखान्यातले कामगार असतात, छावणीतले जवान, न्यायालयाच्या तारखेला आलेले पक्षकार, घाटावरच निजणारे साधू आणि पाठीवर पिशवी घेतलेले परिक्रमावासीही. यातले जबलपूरचे किती?

हे शहर बाहेरून आलेल्यांनीच वाढवलं. १८७० मध्ये मुंबई आणि कलकत्त्याकडून आलेले लोहमार्ग इथं जुळले. १९०४ मध्ये गन कॅरेज फॅक्टरी उभी राहिली, १९५६ मध्ये मध्य प्रदेशचं उच्च न्यायालय आलं. प्रत्येक वेळी नवी माणसं आली आणि इथलीच झाली.

२००१ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या २१,५१,२०३ होती, २०११ मध्ये २४,६३,२८९ झाली. वाढ साडेचौदा टक्के. त्याच दशकात मध्य प्रदेश वीस टक्क्यांहून अधिक वाढला, इंदूर जिल्हा तर जवळपास तेहतीस टक्के. तरीही लोकसंख्येत इंदूरखालोखाल जबलपूरच. दर चौरस किलोमीटरला इथं ४७३ माणसं, राज्याची सरासरी २३६. जुने आकडे पाहताना मात्र जपून! १९९८ मध्ये कटनी वेगळा जिल्हा झाला. त्यामुळे १९९१ च्या आकड्याशेजारी २००१ चा ठेवला, तर जबलपूर ओस पडल्यासारखं वाटेल. माणसं कुठं गेली नव्हती, हद्द बदलली होती.

घाटावरच्या गर्दीची मोजणी कशी होते? २०११ मध्ये प्रगणक ९ ते २८ फेब्रुवारी घरोघरी फिरले. या काळात थोडे दिवस जरी माणूस आपल्या घरी राहिला असेल, तर त्याची नोंद घरीच. संपूर्ण काळ बाहेर असेल, तर जिथं सापडेल तिथं. म्हणजे महिनोन्‌महिने चालणारा पुण्याचा परिक्रमावासी नर्मदाकाठच्या एखाद्या गावाच्या आकड्यात जमा होऊ शकतो. ज्यांना घरच नाही, त्यांच्यासाठी २८ फेब्रुवारीची रात्र होती. प्रगणक फलाटांवर, पुलांखाली, देवळांच्या पायऱ्यांवर जाऊन त्यांना मोजत होते.

ही नुसती कागदावरची बेरीज नाही. अन्न सुरक्षा कायद्याखाली कोणत्या राज्यातल्या किती लोकांना स्वस्त धान्य द्यायचं, हे २०११ च्या लोकसंख्येवरून ठरलं. २०२१ ची जनगणना कोविडमुळे लांबली. २०१२ मध्ये जन्मलेलं मूल शाळेत वरच्या वर्गात पोचलं, तरी देशाच्या मोजणीत त्याचा पत्ता नाही. आता जनगणना २०२७ साठी १ मार्च २०२७ ची मध्यरात्र ठरली आहे. माहिती मोबाइलवर भरली जाईल, कुटुंबाला स्वतःही भरता येईल.

जबलपूरच्या मराठी घरांना एक विनंती. घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी, असं तुमचं रोजचं जगणं. २०११ च्या अर्जात मातृभाषेखेरीज येणाऱ्या आणखी दोन भाषांनाही जागा होती. हिंदीला तिथं जागा आहेच. मातृभाषा विचारली, की मराठी सांगा. प्रगणक आपण सांगू तेच लिहितो.