गाळ काढ, पण सगळा नको

चि. संदीप यास,


ग्रामपंचायतीत निवडून आल्या आल्या तळ्याचं काम हाती घेतलंस, बरं वाटलं. पण ‘मामा, पार तळापर्यंत गाळ काढतो, चहूकडून दगडी भिंत घालतो, वर दिवे लावतो’ म्हणालास, तिथं मी अडलो. फोनवर वाद नको म्हणून लिहितोय.

आधी नांदूर मधमेश्वरला जाऊन ये. गोदावरी-कादवेच्या संगमावर इंग्रजांच्या काळात बंधारा झाला तो कालव्यांनी कोपरगाव-राहात्याकडं पाणी न्यायला. पक्षी कुणाच्या ध्यानीमनी नव्हते. नद्यांनी वर्षानुवर्षं गाळ आणून टाकला, साठवण घटली. पाटबंधारेवाल्यांच्या हिशेबी ते नुकसानच. पण त्याच गाळानं पाणी उथळ झालं, बेटं उठली, पाणकणीस माजलं आणि हिवाळ्यात उत्तरेकडून बदकांचे थवे उतरू लागले. 1986 साली अभयारण्य झालं, 2020 साली राज्यातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं.

खोलीचा हिशेब तिथं डोळ्यांनी दिसतो. शेकाट्याचे पाय बुडतील तेवढंच पाणी त्याच्या कामाचं. चमचा पक्षी उभ्या उभ्या चोच पाण्यात डावी-उजवीकडं फिरवत खातो. तलवार बदक शेपूट वर करून मान खाली घालतं. मान पोचेल तिथवरच त्याचं ताट. जांभळ्या पाणकोंबडीला दडायला पाणकणीस हवं. तू सगळं तळं खोल केलंस तर पाणकावळे बुड्या मारतील, बाकीचे वरूनच पुढं जातील. आणि उभी भिंत घातलीस की काठच उरत नाही. (दिव्यांचं बिल कोण भरणार, हेही एकदा विचार.)

गाळाची वकिली करतोय असं समजू नकोस. गाळ हद्दीबाहेर वाढला की पाण्याची जमीन होते. नांदूरला वरून शहरांचं सांडपाणी आणि शेतांतलं खत उतरतं, त्यावर जलपर्णी फोफावते, पाण्यावर झाकण बसतं आणि खाली मासे गुदमरतात. शिवाय पाण्याची पातळी पक्ष्यांच्या सोयीनं नाही, कालव्याच्या आवर्तनानं ठरते. कमळपक्षी तरंगत्या पानांवर अंडी घालतो. पाणी एकदम चढलं-उतरलं की त्याचा संसार बुडाला.

आपल्या तळ्याला मात्र कायद्याची आशा धरू नकोस. पाणथळ जागांचे 2017 चे नियम सिंचनासाठी मुद्दाम बांधलेल्या आपल्यासारख्या तळ्यांना लागू होत नाहीत. जे काय करायचं ते गावानंच.

म्हणून ठरावात एवढं घाल: गाळ फक्त पाळीकडच्या खोल भागातला काढायचा आणि तो शेतात टाकायचा. ओढा येऊन मिळतो ती उथळ बाजू, तिथलं पाणकणीस आणि उतरता काठ तसाच ठेवायचा. गटारीचं तोंड दुसरीकडं वळवायचं. खरा खर्च तिथं कर. मी मे महिन्यात येतोच आहे. जेसीबी कुठवर जाईल ती रेघ चुन्यानं मीच मारून देईन, तोवर ठेकेदाराला उचल देऊ नकोस.

तुझा
मामा