मिठाची हरकत

पेडण्याकडील आमचे एक वृद्ध पक्षकार मिठागराच्या बांधाचा दावा लढवीत आहेत. गेल्या उन्हाळ्यात जागेच्या पाहणीसाठी आम्ही त्यांच्यासमवेत त्या बांधावर उभे होतो. उन्हाने पाणी आटून वाफ्याच्या कडेस पांढरी साय धरली होती. वेळ घालविण्यासाठी आम्ही त्यांस सांगितले की, याच समुद्राच्या पाण्यापासून, याच उन्हाच्या बळावर, आता शास्त्रज्ञ जळण काढू पाहत आहेत. म्हातारबुवा क्षणभर थांबून म्हणाले, "वकीलबाब, आनी मीठ?"

प्रश्न वर्मावरच बोट ठेवणारा होता, हे आम्हांस घरी येऊन चार कागद चाळल्यावर उमगले.

विजेने पाण्याचे हायड्रोजन व ऑक्सिजन वेगळे होतात, हे १८०० सालापासून ज्ञात आहे. जपानातील फुजिशिमा व होंडा यांनी १९७२ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश पाडून त्याच्या साहाय्याने हे विभाजन घडविले. असा हायड्रोजन जाळला की पुन्हा पाणीच होते. ना धूर, ना राख. पण ही सारी कथा गोड्या पाण्याची! समुद्राच्या एका लिटरात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. दोघांच्या दाव्यात तिसऱ्याने हरकत घेऊन उभे राहावे, तसे त्यांतील क्लोराइड मध्ये येते. जेथे ऑक्सिजन निघावयाचा तेथे क्लोरीन निघू लागतो आणि धातूचा अग्रच खाऊन टाकतो. समुद्र घुसळला की अमृताआधी हलाहल वर येते, हे आपल्या पुराणांस ठाऊक होतेच.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये निकेलच्या अग्रावर क्लोराइडला दूर ठेवणारे थर चढविले. तो हजार तासांवर टिकला. चिनी संशोधकांची २०२२ मधील युक्ती मात्र आम्हांस अधिक भावली. त्यांनी मध्ये असा पडदा घातला की, त्यातून केवळ वाफ आत जावी आणि मीठ बाहेरच राहावे. शेन्झेनच्या खाडीच्या पाण्यावर ते यंत्र ३,२०० तासांहून अधिक चालले.

पुढल्या तारखेस कोर्टाच्या व्हरांड्यात आम्ही हे सांगताच म्हातारबुवा हसले. वाफ जाते नि मीठ राहते, यात नवे ते काय, हेच तर आम्ही पिढ्यान्‌पिढ्या करतो, असे ते म्हणाले. मग गंभीर होऊन त्यांनी विचारले की, ते मागे उरलेले दाट खारे पाणी कोणाच्या खाडीत सोडणार?

तेवढ्यात पुकारा झाला. दाव्यास पुन्हा पुढली तारीख पडली.