फळीवरची सोड्याची बरणी



आज ऊस नाही, खोडवा नाही, पाण्याची पाळी नाही. आज स्वयंपाकघरातल्या फळीवरच्या एका बरणीबद्दल लिहितोय. खायचा सोडा. घराघरात असतो, दहा-वीस रुपयाला पुडी मिळते आणि भजी सोडून आणखी पन्नास कामाला येतो. त्यातली जी कामं आमच्या घरात खरोखर होतात ती मापासकट सांगतो. आणि याच सोड्यापायी मी स्वतः कसा फसलो तेही सांगतो. ते लाज वाटण्यासारखं आहे, पण लिहिलं पाहिजे.

आधी नाव नीट समजून घ्या. खायचा सोडा म्हणजे सोडिअम बायकार्बोनेट. धुण्याचा सोडा म्हणजे सोडिअम कार्बोनेट. दोन्ही पांढरे, दिसायला भाऊ-भाऊ, पण स्वभाव वेगळा. खायच्या सोड्याच्या पाण्याचा सामू 8.3 च्या आसपास असतो, धुण्याच्या सोड्याचा 11 च्या घरात जातो. तो तोंडात, डोळ्यात गेला तर भाजतो. आमच्याकडं दोन्ही एकसारख्या बरण्यात होते. एकदा पाहुणे आले होते, गडबडीत धुण्याचा सोडा भज्याच्या पिठात पडता पडता राहिला. त्या दिवशी सूनबाईनं दोन्ही बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या आणि धुण्याचा सोडा न्हाणीत नेऊन ठेवला. औषधाची बाटली घरात ठेवू नये म्हणतो ना आपण, तोच नियम इथं लावा.

आता कामं. चमचा म्हणजे चहाचा, सपाट भरलेला, साधारण 5 ग्रॅमचा.

करपलेलं पातेलं: दूध करपलं की स्टीलच्या पातेल्यात करपलेला भाग बुडेल एवढं पाणी घालायचं, दोन चमचे सोडा टाकायचा आणि पाच-दहा मिनिटं उकळायचं. गार झालं की लाकडी उलथन्यानं खपली निघते. अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्याला मात्र हे करू नका, भांडं काळं पडतं.

चहाचा थर्मास, पाण्याची बाटली: रानात चहा नेतो त्या थर्मासला वास धरतो. एक चमचा सोडा, वर गरम पाणी, रात्रभर ठेवायचं, सकाळी दोनदा विसळायचं.

गमबूट: पावसाळ्यात दारं धरून आलं की बुटाचा वास घरात घेऊ देत नाही. बूट वाळवून रात्री प्रत्येकी एक चमचा सोडा आत भुरभुरायचा, सकाळी झटकायचा. घामाच्या वासात जे आंबट असतं ते सोडा मारतो. फ्रिजमध्ये उघड्या वाटीत ठेवतात तेही याच कारणानं. दोन-तीन महिन्यांनी वाटी बदलायची आणि तो सोडा मोरी घासायला वापरायचा.

मोरी तुंबली तर: मोबाइलवर दाखवतात, सोडा टाका, वर व्हिनेगर ओता, फसफस झाली की मोरी मोकळी. फसफस होते ती कार्बन डाय-ऑक्साइड वायूची. आम्ल आणि सोडा एकमेकाला मारून मोकळे होतात, मागं राहतं खारट पाणी. चुनखडी आणि आम्लाची फसफस आपण मातीत बघतो, तसंच हे. मोरी मोकळी होते ती वरून ओतलेल्या गरम पाण्यानं आणि तारेनं.

कढईतल्या तेलानं पेट घेतला तर: आधी गॅस बंद, वर झाकण. आग लहान असेल तर मूठ-दोन मूठ सोडा टाकला की दबते. पाणी कधीच ओतायचं नाही, भडका उडतो.

फळं-भाजी धुणं: यावर आपल्या शेतकऱ्यांनी जरा थांबून विचार करावा. 2017 साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सफरचंदावर अभ्यास झाला. लिटरला 10 ग्रॅम सोड्याच्या पाण्यात 12 ते 15 मिनिटं ठेवल्यावर सालीवरचे त्यांनी तपासलेले दोन्ही कीडनाशकांचे अंश निघून गेले, साध्या पाण्यापेक्षा चांगले. पण सालीच्या आत जे मुरलं होतं ते निघालं नाही. म्हणजे आंतरप्रवाही औषध मारून दुसऱ्या दिवशी माल तोडला, तर गिऱ्हाइकानं घरी कितीही सोड्यात बुडवला तरी आतलं आतच राहणार. काढणीपूर्व प्रतीक्षा काळ आपणच पाळायचा. तिथं सोडा उपयोगाचा नाही.

आता अंगाच्या कामाचं.

दात: चिमूटभर सोडा ओल्या ब्रशवर, आठवड्यातून एक-दोनदा. चहा-तंबाखूचे वरवरचे डाग कमी होतात. रोजची फ्लोराइडची पेस्ट सोडायची नाही, कारण सोड्यात फ्लोराइड नसतं. लिंबू आणि सोडा एकत्र लावायचा तर अजिबात नाही, लिंबानं दाताचं वरचं कवच झिजतं.

गुळण्या: ग्लासभर कोमट पाण्यात पाव चमचा सोडा आणि त्याच्या निम्मं मीठ. तोंड आलं, हिरड्या दुखायला लागल्या की बरं वाटतं. कॅन्सरच्या उपचारात तोंडाची साल निघते, तेव्हाही डॉक्टर अशाच गुळण्या सांगतात. गिळायचं नाही, थुंकायचं.

पाय आणि काखा: कोमट पाण्याच्या घमेल्यात दोन चमचे टाकून पंधरा मिनिटं पाय ठेवले की वास जातो, हलकं वाटतं. पण टाचांना भेगा असतील तर नको. आपल्या कातडीचा सामू 5 च्या आसपास, थोडा आंबट. सोडा त्याच्या उलटा. भेगा आणखी कोरड्या पडतात. काखेत लावून काहींना लाल चट्टे उठतात. तोंडाला, डोक्याला तर नकोच.

इथपर्यंत सोडा गुणाचा. आता माझं सांगतो.

दोन वर्षांमागं गुडघा धरला होता. दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणायच्या आणि खायच्या. गोळीनं गुडघा थांबायचा, पण छातीत जळजळ सुरू व्हायची. मग रात्री जेवण झालं की ग्लासभर पाणी, एक चमचा सोडा, वर लिंबू. दोन ढेकर आले की मोकळं. आमच्या वडिलांचाही हाच उपाय होता, त्यामुळं कधी शंका आली नाही. हळूहळू सकाळीही एक चमचा लागायला लागला. असं तीन-चार महिने चाललं.

त्याच सुमारास तालुक्याच्या गावी बीपी मोजलं, 170 वर 100. डॉक्टरांनी गोळी दिली आणि मीठ कमी करायला सांगितलं. कारभारणीनं ते मनावर घेतलं. भाजी अळणी, आमटी अळणी, पापड-लोणचं बंद. मी ताटावर बसलो की चिडायचो. "एवढं कमी घालतेस, तोंडाला चव नाही," असं म्हणायचो. ती बिचारी गप्प. महिन्यानं परत गेलो, बीपी जागेवरच. वर संध्याकाळी पाय सुजायला लागले होते. मी डॉक्टरांसमोरच तिच्याकडं बघून म्हटलं, "ही चोरून मीठ घालत असणार."

डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारलं, "काका, दुसरं काय घेता? गोळ्या, चूर्ण, काहीही." मी दुखण्याची गोळी सांगितली. सोडा सांगितलाच नाही, कारण तो मला औषध वाटतच नव्हता. कारभारीणच म्हणाली, "अहो, सोडा सांगा की. दोन टायमाला घेता."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "काका, खायच्या सोड्यात चौथा हिस्सा सोडिअम असतं. एका चमच्यात साधारण 1250 मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसाचं सगळं मिळून 2000 च्या खाली ठेवा. तुम्ही नुसत्या सोड्यातूनच 2500 घेताय. काकूंनी भाजीतलं मीठ काढलं आणि तुम्ही ग्लासातून सोडिअम परत घातलं." वर हेही सांगितलं की त्या दुखण्याच्या गोळ्यांनीही बीपी वाढतं, अंगात पाणी धरतं आणि जळजळ तर त्यांच्यामुळंच. कशाचा वाटा किती ते त्यांनी वाटून दिलं नाही. दोन्ही बंद करायला लावलं.

एस.टी.त बसून मी गप्प होतो. कारण आपल्या पेजवर चोपण जमिनीवर शंभर वेळा लिहिणारा माणूस मीच.

जुन्या वाचकांना आठवत असेल. आमच्या वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठच्या काळ्या रानात, हे दुखणं घरोघरी आहे. माझ्या खालच्या तीस गुंठ्याचं तेच झालं होतं. वरून पाणी दिलं की जिरायचं नाही, डबकं साचायचं. वाळलं की ढेकूळ दगडासारखं. ऊस पिवळा. मातीचा सामू साडेआठच्या वर गेला होता. कृषी सहायकांनी बोअरचं पाणी तपासायला लावलं, त्यात कारण सापडलं. पाण्यात सोडिअम आणि बायकार्बोनेट दोन्ही भरपूर. असं पाणी देत राहिलं की जमिनीतलं कॅल्शियम चुनखडी होऊन बसतं आणि चिकणमातीच्या कणांवर सोडिअम चढतं. कण एकमेकाला सोडतात, बारीक भोकं बुजतात, जमीन श्वास घेत नाही.

सोडिअम आणि बायकार्बोनेट. पाण्याच्या अहवालावर हे दोन शब्द मी दहा वेळा वाचले होते. फळीवरच्या पुडीवर तेच दोन जोडून छापलेत, ते कधी वाचले नाहीत. जे बोअरमधून रानात जाऊ नये म्हणून मी जिप्सम टाकलं, चर काढले, धैंचा गाडला, ते मी रोज दोन चमचे स्वतःच्या पोटात ओतत होतो.

रानात बिघाड एका पाण्यात होत नाही. वर्षानुवर्षं थोडं थोडं साचतं आणि एक दिवस पीक सांगतं. अंगाचंही तसंच. एखाद्या दिवशी अर्धा चमचा सोडा घेतल्यानं धडधाकट माणसाचं काही बिघडत नाही. रोजची सवय बिघडवते. आणि रोज जळजळतंय तर त्याला कारण असतं. माझं कारण गोळी होती. सोड्यानं जळजळ दाबली आणि कारण झाकलं. पिवळ्या पानावर नुसता युरिया मारत राहावं आणि मुळाशी पाणी साचलंय ते बघूच नये, असलं ते काम.

म्हणून एवढं ध्यानात ठेवा.

बीपी, हृदय, मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पोटात सोडा घेऊ नये. लहान पोरांना घरच्या घरी देऊ नये.

तट्ट भरल्या पोटावर सोडा नको. पोटात एकदम वायू होतो, ते धोक्याचं.

जळजळीसाठी सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त लागत असेल तर सोडा नाही, डॉक्टर. चालू गोळ्यांच्या जोडीला घेऊ नये, काही औषधं अंगी लागत नाहीत.

दुकानातल्या फसफसणाऱ्या पुडीतही हाच सोडा असतो. नाव वेगळं म्हणून हिशोब वेगळा नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. छातीत जळजळ किंवा दाब, सोबत घाम, दम, डावा हात किंवा जबडा दुखणं, असं काही असेल तर सोडा घालून ढेकराची वाट बघत बसू नका. पित्त समजून रात्र काढू नका. 108 ला फोन करा.

गुरांच्या बाबतीतही एक शब्द. जास्त पेंड, भरडा खाणाऱ्या दुभत्या गाईला पोटातलं आम्ल आवरायला खायचा सोडा देतात, ते शास्त्रातलं आहे. पण माप पशुवैद्यकाकडून घ्या. मूठभर म्हणजे कुणाची मूठ?

आता माझं बीपी 130-140 वर असतं, गोळी चालू आहे. गुडघ्याला व्यायाम आणि शेक. रात्रीचं जेवण आठच्या आत, जेवून लगेच आडवं होणं बंद. जळजळ महिन्यातून एखाद्या वेळी, तीही तिखट रस्सा झाला तर.

कारभारणीची मी त्या दिवशी एस.टी.त माफी मागितली नाही, ते आपल्याला जमत नाही. घरी आल्यावर अळणी आमटीचा दुसरा वाडगा मागून घेतला. ती म्हणाली, "चव लागली का आता?" मी म्हटलं, "लागली." बरणी अजून फळीवरच आहे. पातेल्याला, बुटाला, भज्याला. सूनबाईनं चिठ्ठीवर खाली आणखी एक ओळ लिहून ठेवली आहे: "आबांसाठी नाही."

तुमच्या घरात सोडा कशाला वापरता ते लिहा. आणि रोज पोटात कोण घेतंय, तेही एकदा विचारून बघा.