गाडीला काय हवं आणि गाडीतल्या माणसांना काय हवं

गेल्या वर्षी रमजान ईदच्या तिसऱ्या दिवशी मुलांचे मामू आमच्याकडे आले ते एक वही घेऊनच. आम्ही नुकतीच एक जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह स्कॉर्पिओ घेतली होती आणि शाळेच्या सुट्टीत सोलापूरहून लडाखला जायची नियत केली होती. मामूंना गाड्यांचा भारी नाद. वहीत त्यांनी गाडीला काय काय बसवायचं याची यादी केली होती. पुढे लोखंडी बंपर, त्यावर विंच, टपावर दिव्यांची पट्टी, हवा वरून ओढणारा स्नॉर्केल, टपावर उघडणारा तंबू, बाजूला ताणायचं छत आणि मागे बॅटरीवर चालणारा फ्रिज. खाली बेरीज होती सव्वातीन लाख.

"दुल्हेभाई, एवढं तर लागतंच," मामू म्हणाले.

अम्मींनी चष्मा लावून वही वाचली. बहात्तराव्या वर्षी त्या आमच्याबरोबर येणार होत्या. वही परत देताना त्यांनी एवढंच विचारलं, "यात माझ्या इन्सुलिनचं कुठे लिहिलंय?"

मामूंनी वही मिटली. त्या रात्री आम्ही दुसरी वही काढली. पहिल्या पानावर गाडीत बसणाऱ्या पाच जणांची नावं लिहिली आणि प्रत्येकाच्या समोर वाटेत काय अडचण येऊ शकेल ते लिहिलं. खर्चाची मर्यादा ऐंशी हजार ठरवली. सफरीची तयारी करणं हे तवक्कुलच्या विरुद्ध नाही. उंट बांधून मग भरोसा ठेवण्याची हदीस आपल्या घरांत लहान मुलांनाही ठाऊक असते. पण त्या उंटाला सोन्याची घंटा बांधली तर तो इसराफच. सगळी निवड करताना हीच मर्यादा आम्ही डोळ्यांसमोर ठेवली.

आधी काय गाळलं

लोखंडी बंपर पहिल्यांदा गेला. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये असे बंपर बेकायदा असल्याचं राज्यांना कळवलं होतं. पायी चालणाऱ्याला त्याची धडक जास्त जीवघेणी ठरते आणि टक्कर झाल्यावर गाडीच्या पुढच्या भागाने चेपून धक्का सोसायचा असतो, तेही नीट होत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलं. डोळे दिपवणाऱ्या दिव्यांची पट्टीही याच कारणाने गेली. शिवाय डोंगरात रात्री गाडी चालवायचीच नाही हे ठरल्यावर ती हवी कशाला?

विंच म्हणजे तारेचा किंवा दोराचा रहाट. गाडी फसली की दोर समोर कशाला तरी बांधायचा आणि मोटरने गाडी ओढून घ्यायची. पण लडाखमध्ये मैलोन्‌मैल झाड नाही. दोर बांधणार कशाला? त्यात विंचचं वजन तीस-चाळीस किलो, तेही गाडीच्या नाकावर. स्नॉर्केलचंही तसंच. इंजिनची हवा वरून येते, पण दरवाज्यांतून आणि विजेच्या जोडण्यांत शिरणारं पाणी त्याने थांबत नाही. नाला खोल वाटला तर थांबायचं, यासाठी खर्च लागत नाही.

टपावरचा तंबू मुलांना फार आवडला होता. पण टपावर जितकं वजन वाढतं तितकी गाडी वळणावर झुकते. टपावर किती किलो चालतात ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. आपण ते पान उघडत नाही. आणि मुख्य म्हणजे, गुडघे दुखणाऱ्या अम्मी रात्री शिडीने खाली कशा उतरणार?

उजनीच्या चिखलातली परीक्षा

पैशांतला अर्ध्याहून मोठा वाटा टायरवर गेला. चारही चाकांना इंजिनची ताकद पोचली तरी जमीन धरायचं काम टायरच करतात. आम्ही कंपनीने सांगितलेल्याच मापाचे, डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींवर चालणारे ऑल-टेरेन टायर घेतले. बारा व्होल्टचा हवा भरायचा पंप आणि ट्यूबलेस पंक्चरची पेटी घेतली. पंप थेट बॅटरीला चिमटे लावून चालणारा घेतला, कारण मोठा पंप सिगारेट-लायटरच्या खाचेत लावला तर फ्यूज उडतो. मऊ वाळूत टायरची हवा बरीच कमी केली की टायर पसरतो आणि गाडी रुतत नाही. पण डांबरावर येताच हवा परत भरावी लागते, म्हणून पंप हवाच. ओढायचा दोर मात्र "हाही चालेल" म्हणून बाजारातला स्वस्त, दोन्ही टोकांना लोखंडी हूक असलेला घेतला.

एप्रिलच्या शेवटी एक रात्र तंबूत काढून बघावी म्हणून आम्ही उजनीच्या पाणवठ्यावर गेलो. पहाटे अवकाळी पाऊस आला. काळ्या मातीचं काय होतं ते आपल्याकडे सांगायला नको. फोर-व्हील लावूनही गाडी जागची हलेना, टायरच्या सगळ्या खाचा चिखलाने लिंपून गेल्या. शेजारच्या शेतकऱ्याने ट्रॅक्टर आणला. दोर ताणला आणि दुसऱ्याच झटक्याला हूक तुटून गोळीसारखा उडाला. मागच्या दिव्याचा चुरा झाला. आमचा धाकटा दोनच मिनिटांपूर्वी त्या दिव्यापाशी उभा होता. ट्रॅक्टरवाल्या काकांनी "पोरगं बाजूला घ्या" असं ओरडून सांगितलं म्हणून तो हलला. अलहम्दुलिल्लाह, नुकसान दिव्यावरच भागलं.

त्यानंतर दोन दिवस घरात कुणी लडाखचं नाव काढलं नाही. मग आम्ही तो दोर टाकून दिला आणि भरलेल्या गाडीच्या वजनाच्या तिप्पट ताकदीचा, विणलेल्या पट्ट्याचा दोर घेतला. त्याला लोखंडी हूक नव्हते. गाडीच्या चासीला असलेल्या टोइंगच्या कडीत तो अडकवायला ताकद छापलेले दोन शॅकल घेतले. दोर ताणला जात असताना त्यावर मधोमध जाड गोधडी टाकायची, म्हणजे तुटलाच तर त्याचा झोत कमी होतो. आणि दोराच्या दुप्पट लांबीच्या आत कुणी उभं राहायचं नाही. जॅकखाली ठेवायला एक फूटभर लाकडी फळी घेतली, नाहीतर मऊ जमिनीत गाडी वर जाण्याऐवजी जॅकच खाली जातो. आणि एक फावडं.

चुलीपासून जानमाजपर्यंत

घरच्या वापरातल्या वस्तूंनी आम्हाला जास्त साथ दिली. तीन लिटरचा कुकर त्यात पहिला. उंचावर हवेचा दाब कमी असतो म्हणून पाणी लवकर उकळतं. लेहच्या ३,५०० मीटर उंचीवर ते सुमारे ८८ अंशांनाच उकळतं. उघड्या पातेल्यात डाळ तासभर खदखदली तरी कच्चीच. लहान ब्युटेन गॅसच्या डब्या शून्य अंशाजवळ थंड पडतात, म्हणून थंडीत चालणारा मिश्र गॅस घेतला. चूल तंबूच्या आत कधीच पेटवायची नाही, आणि ऊब मिळावी म्हणून बंद गाडीत इंजिन चालू ठेवून झोपायचं नाही. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेला माणूस जागाच होत नाही.

तंबूवर "चार माणसांचा" लिहिलं असेल तर सामानासह दोनच माणसांचा समजावा. झोपायच्या पिशवीवर दोन तापमानं असतात. एक आरामाचं, दुसरं जेमतेम जीव तगण्याचं. दुकानदार दुसरं दाखवतो, आपण पहिलं वाचावं. जमिनीचा गारवा अडवायला खाली जाड फोमची चटई हवी. थंडीच्या जड पिशव्या आम्ही विकत घेतल्याच नाहीत, लेहमध्ये त्या भाड्याने मिळतात.

पाण्याचे वीस लिटरचे दोन कॅन सीटमागे तळाशी पट्ट्याने आवळले. कुकर, डबे, फावडं, सगळं बांधलेलं. मोकळा कुकर ब्रेक दाबल्यावर थेट पुढच्याच्या डोक्यावर येतो. हातात धरता येईल असं आगविझवण ड्रायव्हरच्या सीटखाली ठेवलं. वुजूसाठी एक नळीचा लोटा, जानमाज आणि साधं होकायंत्र घेतलं.

होकायंत्राची गोष्ट मुलांना फार आवडली. आपल्याकडे महाराष्ट्रात किब्ला पश्चिमेपासून थोडा उत्तरेला कलतो. लेहला पोचल्यावर तोच पश्चिमेपासून थोडा दक्षिणेला येतो. पृथ्वीगोल घेऊन बसलो तेव्हा मुलांना ते समजलं आणि आम्हालाही.

इन्सुलिनचा प्रश्न

न उघडलेलं इन्सुलिन दोन ते आठ अंशांत ठेवावं लागतं. वापरात असलेलं पेन साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानाला चालतं, पण मे महिन्यात सोलापूर ते कोटा या रस्त्यावर बंद गाडी म्हणजे भट्टी. फ्रिज महाग होता आणि गाडी उभी राहिली की बॅटरी खाणारा होता. डॉक्टरांनी सोपा उपाय सांगितला. एक कापडी पिशवी मिळते, ती पाण्यात भिजवली की आतले दाणे फुगतात आणि पाणी वाळताना पिशवी गार राहते. आपल्या माठाचंच तत्त्व. वापरातली पेनं त्यात, आणि जादा साठा बर्फाच्या पाकिटांसह थर्मासच्या डब्यात. डॉक्टरांनी एवढ्या उंचीला परवानगी देताना अटी घातल्या होत्या. सावकाश चढायचं, साखर रोज तपासायची, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर जवळ ठेवायचा आणि त्रास वाटला तर लगेच खाली उतरायचं. हातात मावणारे ऑक्सिजनचे डबे काही मिनिटांतच संपतात, त्यांच्या भरवशावर वर थांबायचं नाही.

म्हणून आम्ही मनालीचा रस्ता सोडून श्रीनगरचा धरला. आमच्या घराजवळून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५२ धुळे, इंदूर, कोटा, जयपूर करत थेट पंजाबात संगरूरपर्यंत जातो. पुढे श्रीनगर आणि सोनमर्ग. झोजिला ३,५२८ मीटरचा. तिथल्या बर्फाच्या चिखलात आमच्या टायरांनी स्वतःची किंमत फेडली. कारगिल जेमतेम २,७०० मीटरवर आहे, तिथे दोन रात्री थांबलो. तिथल्या मशिदीत एका बुजुर्गांनी अम्मींना जर्दाळू दिले आणि "इतक्या लांबून?" म्हणत गाडीभोवती एक फेरी मारली. आपले प्रीपेड सिम या भागात चालत नाहीत, म्हणून एक पोस्टपेड आणि मोबाइलमध्ये उतरवून घेतलेले नकाशे होते. लेहमध्ये तीन रात्री काढून मग पँगाँगला निघालो.

वाटेत एका नाल्यात एक लहान गाडी अडकली होती. दुपारी वरचा बर्फ वितळतो आणि नाल्याचं पाणी चढतं, म्हणून असे नाले सकाळी ओलांडावेत. त्या कुटुंबाला हे ठाऊक नव्हतं. आम्ही दोर लावला, गोधडी टाकली, सगळ्यांना लांब उभं केलं. गाडी निघाली. त्या बाई अम्मींच्या गळ्यात पडून रडल्या. उजनीच्या काकांचं आम्हाला झालेलं ऋण थोडं फिटलं असं वाटलं.

मान गावात एका घराच्या अंगणात मालकांना विचारून तंबू टाकला. मुलं आणि आम्ही तंबूत, अम्मी घरात चुलीपाशी. उंची सुमारे ४,२५० मीटर. रात्री पाणी गोठलं. फजरला वुजूच्या लोट्यात बर्फ होता. तेव्हा आमच्या पोटात गोळा आला. इन्सुलिनचा डबा आम्ही गाडीतच ठेवला होता. बाराशे मैल उन्हापासून त्याला जपलं आणि थंडी ही त्याची शत्रू असू शकते हे डोक्यातच आलं नाही. डबा उघडला, पेनांतलं औषध गोठलं होतं. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नसतं.

आम्ही काही न बोलता अम्मींपुढे उभे राहिलो. त्यांनी शालीच्या आतून आपला जुना बटवा काढला. त्यात दोन पेनं होती, अंगाच्या उबेत.

"सगळं एका डब्यात ठेवायचं नसतं," त्या म्हणाल्या. "तुमच्या अब्बांनी मला रेल्वेत पैसे असेच ठेवायला शिकवलं होतं."

त्याच दिवशी आम्ही लेहला उतरलो आणि औषधाच्या दुकानातून साठा पुन्हा भरून घेतला.

सुट्टी संपायच्या आत घरी आलो. मामू गाडीभोवती फिरले, टायर बघितले, दोर हातात घेऊन वजन केलं. मग त्यांनी आपली वही मागितली आणि सव्वातीन लाखांच्या यादीखाली स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली: एक कापडी बटवा, आतून मऊ, गळ्यात घालायचा. किमतीच्या रकान्यात त्यांनी काही लिहिलं नाही.