चूक कुणाची

बंगळूरला नव्याने आलेल्या माणसाला कन्नड शिकवायची सुरुवात बहुधा ‘स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी’पासून होते. थोडं जमवून घ्या. बसमध्ये, घरमालकापुढे, ऑफिसात, सगळीकडे ते चालतं. आमच्या खोलीत मात्र नाही. १९७५ साली अवकाशात गेलेला ‘आर्यभट्ट’ ज्या पीण्यातल्या शेडमध्ये बांधला गेला, त्याच औद्योगिक वसाहतीत मी जायरोस्कोप तपासायच्या फिरत्या टेबलांचं कॅलिब्रेशन करतो. कॅलिब्रेशन म्हणजे दुरुस्ती नव्हे. टेबल कुठे आणि किती खोटं बोलतं, ते लिहून काढायचं, एवढंच.

टेबलाच्या अक्षावर बारीक रेघा आखलेली काचेची चकती असते. रीडहेड त्या रेघा वाचून कोन सांगतं. हा एन्कोडर. त्याची परीक्षा घ्यायला टेबलावर बारा पैलूंचा आरसा बसवतात आणि समोर ऑटोकोलिमेटर. टेबल ३० अंश फिरलं की पुढचा पैलू नेमका समोर यायला हवा. जो फरक पडतो तो विकलांमध्ये मोजायचा. एक विकला म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग.

एका टेबलात ८ विकलांची चूक निघाली. मुभा होती ३ची. टेबल पुरवणाऱ्यांनी फोनवरच निकाल दिला: तुमच्या आरशाला धक्का लागला असणार. आरसा पेटीतून काढला होता बेळगावच्या शिकाऊ पोराने. त्याची मुदत त्याच आठवड्यात वाढायची होती. “सर, मी कडेलाच धरून उचललं होतं, देवाशप्पथ,” तो मला मराठीत म्हणाला. कन्नडमध्ये बोलायचा त्याला धीर होत नव्हता.

अण्णा, आमचे सर्वांत जुने तंत्रज्ञ, काही बोलले नाहीत. त्यांनी आरशाचा स्क्रू सैल केला, आरसा टेबलावर एक पैलू पुढे सरकवला आणि सगळी मोजणी पुन्हा सुरू केली. पडद्यावरच्या आकड्यात टेबलाची चूक आणि आरशाची चूक मिसळलेली असते. आरसा सरकवला की त्याची चूक त्याच्याबरोबर सरकते, टेबलाची जागीच राहते. बारा जागा, प्रत्येकी बारा वाचनं, एकूण १४४. बाहेरचा साक्षीदार लागत नाही. वर्तुळ पूर्ण झालं की बारा कोनांची बेरीज ३६०च यायला हवी, म्हणजे त्यांच्या कमी-जास्तीची बेरीज शून्य.

रात्री उशिरा हिशेब लागला. आरसा अर्ध्या विकलेच्या आत खरा होता. टेबलाची चूक एका बाजूला अधिक ८, बरोबर समोर उणे ८. फेऱ्यात एकदाच चढून उतरणारी अशी चूक बहुधा एकच गोष्ट सांगते: चकतीचा मध्य अक्षाच्या मध्यावर नाही. रेघांचं वर्तुळ ५० मिलिमीटर त्रिज्येचं असेल, तर अवघे २ मायक्रॉन सरकणं त्याला पुरतं.

पुढे पुरवठादारांनी समोरासमोर दुसरं रीडहेड बसवून दिलं. एक जेवढं जास्त वाचतं तेवढंच दुसरं कमी, आणि सरासरीत ती चूक विरते.

१४४ वाचनं नोंदवहीत त्या पोराच्याच अक्षरात आहेत. अण्णा आकडे वाचत होते आणि लिहायला त्यांनी त्यालाच बसवलं होतं. पहिल्या पानावरचं अक्षर थरथरलेलं आहे, शेवटच्या पानावरचं नाही.