वेळासची माहेरवाशीण

मंडणगडाहून बाणकोटच्या रस्त्याला लागले, की पुढे वेळास येते. नाना फडणिसांचे हे गाव. पण हल्ली पाहुणे येतात ते कासवांसाठी. यंदा मार्चमध्ये आमच्या महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांबरोबर, मराठीचा मास्तर असूनही, मी तेथे जाऊन आलो.

थंडी पडली, की ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री पुळणीवर येते, दीडएक फूट खोल, मडक्यासारखा खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते आणि खड्डा बुजवून समुद्रात निघून जाते. मागोमाग कोल्हे, कुत्री आणि माणसे येत. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने २००२ साली हे थांबवायचे काम हाती घेतले. आता गावातले 'कासवमित्र' पहाटे माग काढतात, अंडी अलगद उचलून कुंपणातल्या हॅचरीत तेवढ्याच खोलीवर पुरतात आणि तारीख व संख्या लिहून ठेवतात.

"माग ओळखायला आम्हांला कोणी शिकवावे लागले नाही, सर," एक वयस्क कासवमित्र म्हणाला. "पूर्वी अंडी खायला काढीत होतो ना!"

साधारण पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्ले वर येतात. टोपली उचलताच बोटभर लांबीचे ते काळे जीव पाण्याकडे धावत सुटले आणि आमची मोठी माणसेही लहान मुलांसारखी ओरडू लागली.

विद्यार्थी मात्र वाळूत तापमापक खुपसून बसले होते. अंड्यातून नर निघणार की मादी, हे वाळूची ऊब ठरवते : थंड वाळूत नर, उष्ण वाळूत माद्या. उन्हाळे असेच चढत गेले, तर नर दुर्मीळ होतील. हे ऐकल्यावर दुपारच्या उकडीच्या मोदकांपुढेही तोच विषय निघाला.

मला सर्वांत नवल वाटले ते एका लहानशा पट्टीचे. २०२१ साली ओडिशात एका मादीच्या वल्ह्यासारख्या पायाला क्रमांकाची पट्टी लावली होती. तीच मादी जानेवारी २०२५ मध्ये इकडे गुहागरच्या पुळणीवर अंडी घालताना आढळली! पूर्वेची कासवे वेगळी, पश्चिमेची वेगळी, ही समजूत त्या क्रमांकाने डळमळली. भारताला वळसा घालून ती आली; पण त्या रात्री किनाऱ्यावर कोणी जागे नसते, तर हे कळले नसते.

वेळासला जाल, तर पहाटे उठा. बाकीचे जागरण गावकरी करतातच.