मुलीला ऐकू आलं होतं

ताडोबाच्या पाणवठ्यावर बुद्धपौर्णिमेच्या रात्री मी सहा वेळा मचाणावर बसलो आहे. चंद्रपुरात वाढल्यामुळे जंगल आपल्याला कळतं, असं मी धरून चाललो होतो. नोकरीनिमित्त क्वालालंपूरला आलो, तेव्हा हा समजही सोबत आला. पुढे अकरा वर्षांच्या मुलीला घेऊन मलेशियाच्या तामान नेगारात गेलो आणि त्या समजापायी तिची एक रात्र घालवून बसलो.

पहिली चूक जागेची. उन्हाळ्यात ताडोबातली पानं झडतात, पाणी मोजक्याच ठिकाणी उरतं; तिथे बसलं की जनावर दिसण्याची आशा असते. तामान नेगारा म्हणजे ४,३४३ चौरस किलोमीटरचं वर्षावन. तिथे पावलोपावली ओढे. तरी क्वाला ताहानला तंबू ठोकल्यावर पहिल्याच संध्याकाळी मी मुलीला तेंबेलिंग नदीकाठी तीन तास गप्प बसवलं. लांबट लाकडी नावा तेवढ्या गेल्या. त्या रानात जनावरांना तहानेसाठी लांब यावं लागत नाही. ती येतात मिठासाठी. सततच्या पावसाने मातीतले क्षार धुऊन जातात, पाल्यातूनही पुरेसं मीठ मिळत नाही. म्हणून सांबर, तापीर ठरावीक जागचा खारट चिखल चाटायला येतात. त्या जागेला मलायी भाषेत जेनुत म्हणतात आणि तिच्यासमोरच्या मचाणाला बुंबुन. हे कळायला मला एक संध्याकाळ घालवावी लागली. निघण्याआधी कुणालाही विचारलं असतं तरी कळलं असतं.

दुसरी चूक कपड्यांची. मी दोघांसाठी जीन्स आणि सुती शर्ट घेतले होते. त्या दमट हवेत भिजलेलं सूत वाळतच नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही ओल्या कपड्यांतच चालत होतो. जळवांसाठीचे लांब मोजे घेतले नव्हते. मुलीच्या घोट्याला लागलेली जळू मी घाबरून ओढून काढली. नखाने तिचं तोंड हळूच सरकवायचं असतं, हे मला माहीत होतं. ऐन वेळी आठवलं नाही.

तिसरी चूक तेव्हा क्षुल्लक वाटली. बुंबुन म्हणजे उंच खांबांवरची लाकडी खोली. आत झोपायच्या फळ्या आणि जेनुतकडे उघडणारी लांब खिडकी. रात्र काढायला आमच्यासोबत पेनांगचं एक वयस्क जोडपं होतं. त्यांनी खाण्याची पिशवी दोरीने छताला टांगली आणि मलाही तसंच करायला सांगितलं. मी मान डोलावली आणि चिवड्याची पिशवी फळीखाली सारली. अंधार पडताच उंदरांची खुडबुड सुरू झाली, ती थांबलीच नाही.

मध्यरात्रीनंतर मुलीने माझा दंड धरला.

“बाबा, कोणीतरी शीळ घातली.”

“पक्षी असेल गं. झोप तू.”

थोड्या वेळाने ती पुन्हा कुजबुजली, “चिखलात कोणीतरी चालतंय.”

“उंदीर आहेत ते.”

उंदीर मीच बोलावले होते आणि त्यांच्या आवाजाचा आधार घेऊन मी तिला गप्प केलं. तापीर बारीक, उंच शीळ घालतो, हे मला माहीत नव्हतं. पण तिला जे ऐकू येत होतं, ते दोन मिनिटं कान देऊन ऐकायला माहिती लागत नव्हती.

टॉर्चच्या पाळ्या ठरलेल्या होत्या. दर पंधरा मिनिटांनी मंद झोत कडेकडेने फिरवायचा, जनावराच्या डोळ्यांवर मारायचा नाही. ती पाळी मुलीची होती. तिसऱ्यांदा ती “बाबा” म्हणाली तेव्हा मी उठलो, तिच्या हातातला टॉर्च घेतला आणि पूर्ण प्रकाश सरळ खाली टाकला. काळं डोकं, पांढरी पाठ, वर उचललेलं लांब मऊ नाक. “तापीर!” मी मोठ्याने बोललो. तापीर वळला आणि झाडीत घुसला. मुलगी खिडकीशी पोहोचली तेव्हा खाली फक्त हलणारं पान होतं.

पेनांगच्या काकू काही बोलल्या नाहीत. मुलगी रडली नाही, फळीवर जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपली. मला झोप लागली नाही.

सकाळी परतताना पायवाटेवरच्या ओल्या मातीत ठसे दिसले. पुढच्या पायाची चार बोटं, मागच्या पायाची तीन. मुलगी उकिडवी बसली आणि तिने तळवा ठशाशेजारी टेकवला. मी तिथेच तिला म्हटलं, “तुला बरोबर ऐकू आलं होतं. मी तुझं ऐकलं नाही आणि तुझी पाळीही हिसकावली. माझं चुकलं.”

ती ठशाकडे बघत म्हणाली, “पुढच्या वेळी टॉर्च माझ्याकडेच राहील.”

आम्ही पुन्हा जाणार आहोत. मोजे घेतले आहेत, लवकर वाळणारे कपडे घेतले आहेत, खाणं टांगायला दोरीही घेतली आहे. टॉर्चवर लाल कागद तिने स्वतः चिकटवला आहे. तो तिच्याच पिशवीत आहे.